न वाळलेली कुंती

मला कुणी चित्र दाखवलं की मी अजूनही आधी पाय बघते. सून हसते. "आई, सगळे तोंड बघतात आणि तुमचं लक्ष चपलांकडे," म्हणते. आता तिला काय सांगू, कप्पाळ! सांगलीच्या नाना मास्तरांनी मला तशी सवय लावली. माणूस काढायचा तर पायापासून वर यायचं, तोंड सगळ्यात शेवटी, असा त्यांचा नियम. "तोंडाची घाई झाली की चित्र गेलं," हे ते दिवसातून चारदा म्हणायचे. तैलचित्र कसं करतात ते मी त्यांच्याकडे वर्षभर शिकले. सबंध वर्षात एकच चित्र केलं, आणि तेही कुणाचं तरी बघून. त्या चित्राचं काय झालं ते मी आजवर धड कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला एकदा सांगायला घेतलं, तर तो पोट धरून हसला. त्याला दोष देत नाही. ऐकणाऱ्याला ती गोष्ट हसण्यासारखीच वाटते.

आमचं घर साताऱ्याजवळच्या एका गावात. ऊस, दोन म्हशी आणि आबांची शिस्त. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन घरी आले तरी हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. जेवायला बसा म्हणायच्या ऐवजी "लाइन लावा" म्हणायचे, आणि आम्ही भावंडं खरोखरच ताटं घेऊन ओळीनं बसायचो. मी मॅट्रिक झाले, ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा झाल्या, आणि शाळेतल्या बाईंनी घरी येऊन आबांना सांगितलं की हिला कोल्हापूरला चित्रकलेच्या कॉलेजात घाला. आबांनी बाईंना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आबांची थोरली बहीण सांगलीहून आली. ही माझी आत्या. सबंध जगात आबा दोनच माणसांना वचकून असायचे, एक त्यांचा फौजेतला साहेब आणि दुसरी ही.

"पोरीला माझ्याकडं दे एक साल," आत्या म्हणाली. "आमच्या आळीला एक मास्तर हाय, चित्रं काढतो. शिकंल त्याच्याकडं."

"शिकून काय करायची?"

"तू बंदूक शिकून काय केलंस? दे म्हणते न्हवं!"

आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक साल. पुढच्या दिवाळीपत्तोर. कुणी जाणत्या माणसानं तुझं चित्र बघून म्हटलं पायजे, ही पोरगी शिकाय लायक हाय. तर कोल्हापूरला धाडीन. न्हाई म्हटला, तर कोयनेच्या त्या पोराला होकार कळवणार. मग रडायचं न्हाई." कोयनेचं पोरगं म्हणजे धरणाच्या कॉलनीत नोकरीला असलेलं एक स्थळ. ते आबांनी आधीच बघून ठेवलं होतं. मी त्याचा फोटोसुद्धा पाहिला नाही. मला वाटलं, गरजच काय पडणार आहे!

आत्याचं घर हळदीच्या पेठेच्या मागं. तिला मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, दोघंच. मामा अडतीवर हळदीची पारख करायचे. हळकुंड कानाशी धरून कडकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मान हलवायची, एवढंच त्यांचं काम, पण त्यासाठी मोठमोठे व्यापारी त्यांची वाट बघत उभे राहायचे. सकाळी हळद घासायची लोखंडी पिंपं गडगडायला लागली की मला जाग यायची. पाठोपाठ चक्क्या सुरू व्हायच्या, हमालांच्या आरोळ्या सुरू व्हायच्या. सगळ्या आळीवर पिवळी धूळ. धुतलेलं पांढरं लुगडं वाळेपर्यंत पिवळं. आत्या त्या धुळीला शिव्या देत भाकरी थापायची. भाकरीबरोबर जवसाची चटणी, लसणाचा ठेचा, एखादं पातळ कालवण. मी बोटं चाटून खायची आणि ती समोर बसून बघत राहायची.

आत्याची एक रीत होती. तेल, मीठ, पीठ यांचं भांडं ती कधी तळाला जाऊ द्यायची नाही. निम्मं झालं की वरून भर घालायची. तेल संपलं हा शब्दसुद्धा तिच्या घरात कुणी काढायचा नाही. ते साल दुष्काळाच्या पाठचं. शेंगतेल दुकानातून नाहीसं झालेलं, डालड्याला रांगा. आत्याकडे माहेरच्या रानातल्या शेंगांचं, घाण्यावर काढलेलं तेल यायचं, तेही त्या वर्षी एकच डबा आलं होतं. त्याच्यावर वर्ष काढायचं होतं.

नाना मास्तर दोन गल्ल्या सोडून, एका चक्कीच्या वरच्या माडीवर राहायचे. साठीचे, एकटे, एका डोळ्यात मोतीबिंदू. गेलेल्या माणसांची चित्रं करून ते पोट भरायचे. लोक एखादा जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे, "मागच्या रांगेत तिसरे ते आमचे वडील," म्हणायचे, आणि नाना त्या मुगाएवढ्या तोंडावरून भिंतीएवढे वडील तयार करून द्यायचे. पण त्यांच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर जे चित्र होतं ते वेगळं. एका संस्थानातल्या दरबारी चित्रकाराची कुंती. नानांनी विशीत असताना मूळ चित्रासमोर सहा महिने बसून तिची नक्कल केली होती. मी करायची ती नकलेची नक्कल. कुंती गुडघाभर पाण्यात उभी आहे. तिनं पेटी आत्ताच सोडलीय, पेटी चित्राच्या कडेला पोचलीय, अर्धी बाहेर गेलीय, आणि हिचा हात अजून तसाच पुढं आहे. पहिल्या दिवशी मी तो हात बघितला आणि मला वाटलं, आपल्याला हे येणार नाही, आणि हे आल्याशिवाय आपण घरी जायचं नाही.

नानांची पद्धत अशी. त्यांच्या चित्रावर दोऱ्याच्या चौकटी ताणायच्या, तेवढ्याच चौकटी आपल्या कॅनव्हासवर कोळशानं आखायच्या आणि एका दिवशी एकच चौकट काढायची. शेजारच्या चौकटीकडे बघायचंसुद्धा नाही. पाण्याखालचे दोन पाय करण्यात माझा एक महिना गेला. पाण्यातला पाय मोडल्यासारखा दिसतो. मी तो सरळ काढायची, नाना पुसून टाकायचे. "तुला ठाऊक आहे ते काढू नको, बाई. दिसतंय ते काढ." पहिला थर नुसत्या टर्पेन्टाईननं पातळ करून द्यायचा. तो चार दिवसांत वाळायचा. त्याच्यावरचे थर तेलात. आणि इथं नाना फार कडक. बाजारचं उकळलेलं तेल त्यांना चालायचं नाही, त्यानं चित्र काळं पडतं म्हणायचे. जवसाचं कच्चं तेल आणायचं, बाटलीत पाणी घालून उन्हात ठेवायचं, रोज हलवायचं, पाणी आणि गाळ खाली बसला की वरचं तेल काढून घ्यायचं. असं दोन महिने केलं की तेल पाण्यासारखं स्वच्छ होतं. ज्याचं त्यानं आपलं तेल करायचं. माझी बाटली आत्याच्या गच्चीवर, कुंडीच्या आडोशाला असायची. मी नानांकडे गेले की आत्याच ती हलवायची. त्यातलं तेल मी दर आठवड्याला लहान कुपीत भरून न्यायची.

पावसाळ्यापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. गुडघे झाले, ओलं लुगडं झालं, त्याच्या निऱ्या झाल्या. हात करायला घेतला तो आषाढात. पाच वेळा पुसला. सहाव्या वेळी नाना खुर्ची ओढून जवळ बसले, चांगला डोळा कॅनव्हासला भिडवला आणि काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे पास. मी तशीच पळत आत्याकडे आले आणि तिला मिठी मारली. तिच्या हाताचं पीठ माझ्या पाठभर. "आगं, झालं तरी काय?" तिला वाटलं आबांचं पत्र आलं.

पण तो हात वाळेना. आठ दिवस झाले, पंधरा झाले, बोट लावलं की चिकट. मी नानांना विचारलं. "पावसाळा आहे," नाना म्हणाले. "कृष्णेला पाणी आलंय, हवेत ओल आहे. वाळेल." खरंच होतं ते, त्या दिवसांत काहीच वाळत नव्हतं, मामांचं धोतरसुद्धा नाही. मी पुढं गेले. दंड, खांदा, गळा. श्रावण गेला, गणपती गेले, ऊन पडायला लागलं तरी खांदा ओला. खालचे पाय टणक आणि वरची बाई ओली. आणि खालून चक्कीची धूळ! एरवी ती झटकली की जायची, इथं ती रंगात बसायची. वर कापड टाकावं तर कापड चिकटेल. मी रोज सकाळी मऊ कुंचल्यानं झाडायची, तर धूळ आणखीच आत जायची. नानांना म्हटलं, नाना, ही पिवळी पडतेय. नाना डोळे बारीक करून बघायचे. "कातडीला थोडा पिवळा लागतोच," म्हणायचे. त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्या त्या डोळ्याचा मला तेव्हा फार राग यायचा. आता माझ्याच दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. एका मोतीबिंदूनं अर्धं जग कसं धुक्यात जातं ते मला ठाऊक आहे.

तोंड मी नवरात्रात केलं. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांइतकी सुखी मी पुढं कधी झाले नाही, आणि हे लिहिताना मुलं, नातवंडं, सगळी डोळ्यांसमोर आणून लिहितेय. कुंतीच्या तोंडावर रडू नाही. ती पेटीकडे बघते आहे आणि पेटी आता तिची नाही, एवढंच त्या तोंडावर आहे. ते माझ्या कुंतीच्या तोंडावर आलं. मला कळलं की आलं. नाना म्हणाले, "दिवाळीत कोल्हापूरहून माझे एक मित्र येतात मिरजेला बहिणीकडे. कॉलेजात शिकवतात. त्यांना बोलावतो. तुझ्या वडिलांना जाणता माणूस पाहिजे ना?"

कोल्हापूरचे मास्तर वसुबारसेच्या दिवशी आले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात भाच्यांसाठी मिठाईचा पुडा. चहा घेतला नाही, मिरजेची गाडी गाठायची म्हणाले. चित्रासमोर उभे राहिले. "हात कुणी काढला?" त्यांनी विचारलं. "हिनंच," नाना म्हणाले. "मी बोट लावलेलं नाही." मास्तरांनी मान हलवली. मला वाटलं, झालं! मग ते पुढं झाले आणि त्यांनी करंगळी कुंतीच्या गालाला अलगद टेकवली. गाल त्यांच्या बोटाला आला. त्यांनी बोट उजेडात धरलं. कातडीचा रंग आणि त्यात पिवळी हळद. जिथून रंग गेला होता तिथं खालचा तपकिरी थर दिसायला लागला.

"तोंड कधी केलंत?"

"नवरात्रात."

"आणि हात?"

"आषाढात."

त्यांनी हाताच्या बोटांनाही करंगळी लावली. तीही आली. मग रुमालाला बोट पुसत म्हणाले, "तेल दाखवा." मी कुपी दिली. त्यांनी वास घेतला, थेंब जिभेला लावला आणि त्यांना हसूच आलं. "अहो नाना, हे निम्मं शेंगतेल आहे! शेंगतेल जन्मात वाळत नाही. ही बाई अशीच ओली राहणार." माझ्याकडे वळून, आणि अजिबात दुष्टपणानं नाही, गमतीनंच म्हणाले, "बाई, तुम्ही तर चित्राला फोडणी दिलीत."

नानाही हसले. मित्रासमोर काय करणार बिचारे! मास्तर निघताना जिन्यात म्हणाले की हात चांगला आहे, रेषा चांगली आहे, पण तेल ओळखता येत नाही त्या मुलीची शिफारस मी कशी करू, पुढच्या दिवाळीला दुसरं काहीतरी दाखवू दे, तेव्हा बघू. पुढच्या दिवाळीला! मी वर खोलीत राहिले. कुंतीच्या गालाला बोटाएवढं भोक. बाकी सगळं तोंड हळदीनं पिवळं, बोहल्यावर बसवायच्या पोरीसारखं. नाना परत वर आले आणि म्हणाले, "वरचे थर खरवडून पुन्हा करता येईल. सहा महिने लागतील." मी म्हटलं, नाना, मला सहा दिवससुद्धा नाहीत. मग त्यांनी खाली बघत विचारलं, "कॅनव्हास चांगला आहे. मी वापरला तर चालेल?" मी हो म्हटलं. त्या कुंतीवर त्यांनी कुणाचे तरी वडील काढले असणार. सांगलीत एखाद्या पेढीवर ते अजून लटकत असतील.

घरी आले तेव्हा आत्या करंज्यांचं सारण भाजत होती. मी बाटली तिच्यासमोर आपटून ठेवली. "यात तेल कुणी घातलं?"

"मीच घालते की," ती म्हणाली, अगदी सहज. "तू काढून नेलंस की निम्मी व्हायची. म्हटलं रिती दिसाया नको. चांगलं घाण्याचं हाय, भेसळ न्हाई त्यात. जवस काय, शेंग काय, तेलच न्हवं?"

मग मी काय बोलले ते लिहायला नको वाटतं, पण लिहायचं ठरवलंय तर लिहिते. अडाणी म्हटलं. तुला कुणी सांगितलं होतं म्हटलं. तुला पोरं नाहीत म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं केलंस, हेही म्हटलं. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेल्यावर उलथनं थांबलं. सारण करपल्याचा वास यायला लागला तरी ती उठली नाही. मामा ओसरीवर होते. आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. आत येऊन कढई उतरवली आणि म्हणाले, "पोरी, चार महिनं झालं, आमी दोघं बिनतेलाचं कालवण खातूय. तुझ्या ताटात तेवढी फोडणी असायची, आन् उरल्यालं तुझ्या बाटलीत. तिला वाटलं, तुझं काम आडाय नको." मी ऐकलं. ऐकूनही माझा राग गेला नाही. माणूस इतकं दगड होऊ शकतं, हे मला स्वतःवरूनच कळलं.

आबा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मला न्यायला आले. मी वळकटी बांधत होते. आबांनी अजून वहाणा काढल्या नव्हत्या तोवर आत्या पुढं झाली. "बबन, ह्यात पोरीची चूक न्हाई. चित्र तिनं चांगलं काढल्यालं. तो कोल्हापूरचा मास्तर बी म्हटला. मीच तेलात तेल घातलं, आन् ते वाळलं न्हाई. मी आडाणी, मला काय ठावं? तिला आनि एक साल दे. तुझ्या पाया पडते." आणि ती, आबांची थोरली बहीण, खरंच वाकली.

आबा दोन पावलं मागं सरले. "आगं आक्का, हे काय करतीस!" त्यांनी तिला धरून उभं केलं, खांबाला टेकून बसवलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं. कुठलं तेल, किती घातलं, मास्तर काय म्हणाला. समजलं तसं त्यांचं तोंड सैल होत गेलं. वर्षभर त्यांनाही घोर लागलेला असणार, पोरगी हातची जाते की काय याचा. चित्र कुठं आहे ते त्यांनी विचारलं नाही. आत्याच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मनापासून, मायेनं म्हणाले, "बरं केलंस, आक्का. लय बरं केलंस."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती, तेवढं मला स्पष्ट कळत होतं. तुझं काही चुकलं नाही, आत्या, एवढंच म्हणायचं होतं. ती पुढं अकरा वर्षं जगली आणि मला ते एकदाही म्हणता आलं नाही. त्या दिवशी तर मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळकटीची दोरी आवळली आणि आबांना विचारलं, "साताऱ्याची एसटी कितीला आहे?"